“लघु” म्हणजे निर्धोक नव्हे

पावसाळा तोंडाशीं आला म्हणजे आमच्या तालुक्याच्या गांवांतून एकच प्रश्न ऐकूं येतो: यंदा तलाव भरेल काय? पेठेंतला दुकानदार तो विचारतो, कारण तलाव भरला तर रब्बी साधते, आणि रब्बी साधली तर उधारी वसूल होते. नळाच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेली गृहिणी तो विचारते. सरकारी कचेरीही सांठ्याच्या टक्केवारीचे आंकडे प्रसिद्ध करून याच प्रश्नाचें उत्तर देत असते. प्रश्न अगदीं रास्त आहे. परंतु त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावयास पाहिजे, तो मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. तलाव भरेल, हें ठीक. पण भरलेला तलाव टिकेल काय? आणि न टिकला तर त्याचें पाणी कोणाच्या घरांतून जाईल?

हा प्रश्न अशुभ वाटतो म्हणून आपण तो तोंडावाटे काढीत नाहीं कीं काय, न कळे. भरल्या तळ्याची ओटी भरण्याची चाल आमच्याकडे जुनी आहे आणि ती सुंदरही आहे. पाण्याविषयीं कृतज्ञता बाळगणाऱ्या समाजाची थट्टा करण्याची आम्हांस मुळींच इच्छा नाहीं. परंतु नारळ फोडून झाल्यावर बांधाच्या पलीकडच्या अंगास उतरून, पायथ्याशीं ओल आली आहे किंवा कसें, हें पाहून येणारे दोन गृहस्थ तरी त्या मंडळींत असतात काय? आमच्या श्रावणांतल्या कहाण्यांत तळ्याला पाणी लागावें म्हणून घरच्या मुलाचा बळी मागणारी जलदेवता आहे. ती कहाणी ऐकून आपल्या अंगावर शहारे येतात व पूर्वजांच्या भोळेपणाची आपण कींव करितों. पण आपली रीत तिच्याहून फारशी निराळी नाहीं. कहाणींतले लोक आधीं बळी देत व मग तळ्याकडे पाहत. आपण बळी गेल्यावर बांधाकडे पाहूं लागतों, एवढाच काय तो फरक.

हें आम्ही उगाच कठोर शब्द वापरण्याच्या हौसेनें लिहीत नाहीं. सन २०१९ च्या जुलै महिन्याच्या २ तारखेस रत्नागिरी जिल्ह्यांतील चिपळूण तालुक्यांत तिवरे येथील मातीचें धरण फुटलें. रात्रीची वेळ, वर मुसळधार पाऊस. पायथ्याशीं असलेल्या भेंदवाडींतील घरें पाण्याच्या लोंढ्यांत नाहींशीं झालीं आणि वीसहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. हें धरण कांहीं पेशवाईंतलें नव्हतें. त्यास उणींपुरीं वीस वर्षें झालेलीं होतीं. गळती होत असल्याच्या तक्रारी गांवकऱ्यांनीं पूर्वींच केल्या होत्या, हें त्याच आठवड्यांत वर्तमानपत्रांतून सर्वांनीं वाचलें. त्यानंतर त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनीं, खेंकड्यांनीं भराव पोखरल्यामुळें धरण फुटलें, असें कारण सांगितलें, आणि साऱ्या महाराष्ट्रास संतापांतही हंसूं आलें.

आमचें मत असें कीं, त्या कारणास नुसतें हंसून भागणार नाहीं. खेंकडे, उंदीर व घुशी मातीच्या बांधांत बिळें करितात ही गोष्ट जगांतील कोणताही इंजिनियर नाकारणार नाहीं. परंतु खेंकडा हा कांहीं रातोरात भिंत फोडून पसार होणारा दरोडेखोर नव्हे. तो वर्षानुवर्षें, दिवसाढवळ्या, सर्वांच्या देखत बीळ करीत असतो. तेव्हां खेंकड्यानें धरण पोखरलें असें जो म्हणतो, तो पर्यायानें इतकेंच कबूल करितो कीं, इतकीं वर्षें तें बीळ पाहावयास तेथें कोणी गेलें नाहीं. किंवा गेलें, पण पाहून आल्यावर कांहीं केलें नाहीं. मग ही सबब कशी होते? हा तर कबुलीजबाब झाला.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. तिवरे येथील धरणाची गणना सरकारी दप्तरांत लघुपाटबंधारे योजनेंत होत असे. हा “लघु” शब्द मोठा फसवा आहे. कोणती योजना मोठी, कोणती मध्यम व कोणती लघु, हें तिच्या पाण्यानें किती जमीन भिजते यावरून ठरतें. दोन हजार हेक्टरांपर्यंत क्षेत्र भिजविणारी ती लघु. म्हणजे हा शब्द शेताच्या हिशेबाचा आहे, जिवाच्या हिशेबाचा नव्हे. परंतु होतें असें कीं, शब्द एकदां कागदावर बसला म्हणजे तो मनांतही बसतो. लघु योजना, म्हणून तिच्यावर नेमणूक लघु, तपासणी लघु, दुरुस्तीची रक्कम लघु, आणि फुटल्यास होणारा अनर्थही लघुच असेल अशी सर्वांची समजूत! तिवऱ्याच्या पाण्यानें ती समजूत एका रात्रींत खोटी ठरविली.

एखाद्या बांधाविषयीं खरोखर दोन प्रश्न विचारावयाचे असतात, आणि ते दोन्ही एकमेकांपासून निराळे आहेत. पहिला प्रश्न बांधाच्या अवस्थेचा: भराव मजबूत आहे काय, सांडवा पुरेसा आहे काय, गळती किती आहे? दुसरा प्रश्न जोखमीचा: हा बांध उद्यां फुटलाच, तर खालीं कोणाचें काय जाईल? आमच्या व्यापारी वाचकांस हा भेद समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. एकच कंदील उघड्या माळावर ठेविला तर तो विझेल कीं पडेल याची कोणी पर्वा करीत नाहीं. तोच कंदील कापसाच्या वखारींत ठेविला तर त्यावर माणूस बसवावा लागतो. कंदील तोच, तेल तेंच, वातही तीच. बदललें आहे तें भोंवतालचें. विमा उतरणारी कंपनी वखारीची व माळाची जोखीम एका दरानें धरीत नाहीं. पण बांधाच्या बाबतींत आम्ही आजवर कंदिलाचीच उंची मोजीत आलों आहों. तो कोठें ठेविला आहे, हें पाहिलेंच नाहीं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा धडा एका लहानशा बांधानेंच शिकविला. जॉर्जिया संस्थानांत टोकोआ गांवाजवळ केली बार्न्स नांवाचा मातीचा बांध होता. उंची सुमारें बारा मीटर. पूर्वीं त्याच्या पाण्यावर वीज निघत असे. १९५७ सालीं तें काम बंद पडलें, परंतु तळें मात्र शोभेकरितां तसेंच राहिलें. ज्याचा उपयोग संपला त्याची काळजी घेणाराही उरत नाहीं, हा जगाचा नियमच आहे. १९७७ सालच्या नोव्हेंबरच्या ६ तारखेस, जोराच्या पावसानंतर, उत्तररात्रीं दीडच्या सुमारास तो फुटला. खालींच एक विद्यालय व त्याची वस्ती होती. ३९ माणसें गेलीं. त्या वेळचे अध्यक्ष कार्टर हे स्वतः जॉर्जियाचे. त्यांनीं देशभरच्या खासगी व प्रांतिक मालकीच्या धोक्याच्या धरणांची तपासणी करण्याचा हुकूम दिला. पुढील चार वर्षांत सुमारें नऊ हजार धरणें तपासण्यांत आलीं, आणि त्यांपैकीं जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित ठरलीं! आज त्या देशांत प्रत्येक धरणास जोखमीची पायरी ठरवून दिलेली असते: फुटल्यास माणूस मरण्याचा संभव असेल तें धरण वरच्या पायरीवर, मग तें कितीही लहान असो, आणि त्याची आजची प्रकृति कितीही उत्तम असो. प्रकृति चांगली आहे म्हणून पायरी खालीं येत नाहीं, हें विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

लहान बांधांत पाणी तें किती, असें कोणी म्हणेल. हिशेबच करून पाहूं. नऊ मीटर उंचीचा एक तलाव घ्या. त्यांत दोन लाख घनमीटर पाणी आहे असें धरा. असा तलाव कोणाच्याही डोळ्यांत भरणार नाहीं. परंतु दोन लाख घनमीटर म्हणजे दोन लाख टन वजनाचें पाणी. उन्हाळ्यांत आपल्या गल्लींत येणारा दहा हजार लिटरांचा टँकर आपण सर्वांनीं पाहिला आहे. असे वीस हजार टँकर त्या तळ्यांत उभे आहेत. मातीचा बांध एकदां वरून वाहूं लागला म्हणजे खिंडार रुंदावण्यास फार वेळ लागत नाहीं. तें पाणी अर्ध्या तासांत बाहेर पडलें तर दर सेकंदास अकरा टँकर ओढ्यांत ओतल्यासारखें होईल. लोंढा सेकंदास तीन मीटर वेगानें निघाला, तर एक किलोमीटरवरच्या वस्तीस तो सहा मिनिटांच्या आंत गांठतो. रात्रीं झोंपेंतून उठून, म्हातारी माणसें व मुलें घेऊन, अंधारांत उंचावर जाण्यास सहा मिनिटें पुरतात काय, हें वाचकांनीं आपापल्या घरचें मनांत आणून ठरवावें.

आणि खालीं राहतो कोण? ज्याला दुसरीकडे जागा मिळाली नाहीं तो. ओढ्याकांठची सखल जमीन, गांवकुसाबाहेरची वस्ती, मजुरांच्या झोंपड्या, ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या पालांची जागा, यांकडे नुसती नजर टाकली तरी उत्तर मिळतें. बांधाचें पाणी ज्याच्या शेतांत जातें तो बहुधा वरच्या आळींत राहतो. बांधाची जोखीम जो उशाशीं घेऊन निजतो, त्याच्या नांवें भिजणारी जमीन असतेच असें नाहीं. लाभ एकाचा व धोका दुसऱ्याचा, ही वांटणी कोणीं कधीं ठरविली नाहीं, पण ती झालेली आहे खरी. आणि ज्यांच्या वांट्यास धोका आला त्यांना तो आहे हेंही कळविण्याचें सौजन्य आपण दाखविलेलें नाहीं.

तथापि हें केवळ गरिबांचेंच दुखणें आहे अशा भ्रमांत पेठेनेंही राहूं नये. पुष्कळ तलाव दुष्काळी कामांतून बांधले गेले. १९७२ च्या दुष्काळांत हजारों हातांनीं पाझर तलावांची माती वाहिली. त्यांस आतां पन्नास वर्षें उलटून गेलीं. ज्या वेळीं ते बांधले, त्या वेळीं खालीं शेतें होतीं. फुटते तर पीक वाहून जातें. आज त्याच ओढ्याच्या कांठीं बाजाराचा ओटा आहे, शाळा आहे, गोदामें आहेत, मोटारींचें ठाणें आहे, आणि ओढा बुजवून पाडलेले भूखंडही आहेत. बांध जागचा हलला नाहीं, एक वीटही बदलली नाहीं. परंतु त्याची जोखीम दसपट झाली, व ती आपणच वाढविली. भूखंड विकतांना विकणारानें हवा, पाणी, रस्ता, शाळा सर्व सांगितलें. वरच्या अंगास तळें आहे, हें काय तें सांगावयाचें राहिलें.

एका बांधाची चूक दुसऱ्या बांधासही भोंवते, हें पुणेंकरांस सांगावयास नको. १९६१ सालच्या जुलैच्या १२ तारखेस पानशेतचें धरण, काम पुरतें झालेलें नसतां, भर पावसाळ्यांत सांठलेल्या पाण्यानें फुटलें, आणि तो लोंढा खालच्या खडकवासल्याच्या धरणावर आदळून तेंही त्याच दिवशीं फुटलें. खडकवासल्याचें धरण जुनें व दगडी होतें. त्याचा स्वतःचा कांहीं दोष नव्हता. तरी तें गेलें, आणि नदीकांठच्या पेठा गेल्या. ज्या ओढ्यावर वर-खालीं दोन-तीन तलाव आहेत तेथें वरचा तलाव पाहिल्यावांचून खालच्याची हमी देतां येत नाहीं, हा पानशेतचा धडा लहान बांधांसही तितकाच लागू आहे.

यावर कोणी विचारील कीं, मग कायदा काय करितो? कायदा झाला आहे, आणि तो चांगला आहे. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ सालीं मंजूर झाला व त्या वर्षाच्या डिसेंबरच्या ३० तारखेपासून अंमलांत आला. पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर तपासणी, धोक्याप्रमाणें धरणांची वर्गवारी, संकटसमयींच्या योजनेची तयारी, या सर्व गोष्टी त्यानें मालकावर व प्रांतिक यंत्रणेवर बंधनकारक केल्या. परंतु हा कायदा कोणत्या धरणांना लागू? पंधरा मीटरांहून अधिक उंचीच्या सर्वांना. आणि दहा ते पंधरा मीटरांच्या दरम्यान असलेल्यांपैकीं ज्यांची लांबी पांचशें मीटर, किंवा सांठा दहा लाख घनमीटर, किंवा तशाच दुसऱ्या कांहीं मर्यादेस पोंचतो, त्यांना. दहा मीटरांच्या आंतलें धरण या कायद्याच्या दृष्टीनें नाहींच! दहा मीटर म्हणजे तीन मजली घराची उंची. तीन मजली पाण्याची भिंत कायद्यास दिसत नाहीं, कारण ती साडेतीन मजली नाहीं!

आम्ही कायदा करणारांस दोष देत नाहीं. मोठ्या धरणांच्या राष्ट्रीय नोंदवहींत एकट्या महाराष्ट्राचीं दोन हजारांहून अधिक धरणें आहेत. इतर कोणत्याही प्रांताहून अधिक. एवढ्यांचीच देखरेख नीट व्हावी तर मनुष्यबळ पुरत नाहीं. कोठें तरी रेघ ओढावी लागते. परंतु ज्यांच्यावर ती रेघ ओढली गेली नाहीं, ते पाझर तलाव, गांव तलाव, पूर्व विदर्भांतील मालगुजारी तलाव, यांचा वाली कोण? कांहीं जलसंपदा खात्याचे, कांहीं मृद व जलसंधारण खात्याचे, कांहीं जिल्हा परिषदेचे, आणि कांहींच्या मालकीचा कागदच सांपडत नाहीं. तक्रार घेऊन गेलेला पाटील या कचेरींतून त्या कचेरींत फिरतो आणि प्रत्येक ठिकाणीं त्यास सांगण्यांत येतें कीं, “हें आमच्याकडे येत नाहीं.” पाणी मात्र कोणाच्या हद्दीची विचारपूस करीत नाहीं.

बांधाची परीक्षा ही केवळ इंजिनियरालाच कळणारी गूढ विद्या आहे, असा एक समज आहे. शेवटचा निर्णय जाणत्या इंजिनियराचाच असला पाहिजे यांत शंका नाहीं. परंतु आजाऱ्याला ताप आहे कीं नाहीं हें घरच्या माणसास कळावयास वैद्यकीची पदवी लागत नाहीं. मातीचे बांध मुख्यतः दोन प्रकारांनीं मरतात. एक, पाणी माथ्यावरून वाहून; दुसरा, पाणी पोटांतून वाहून. लहान तलावांना बहुधा दारें नसतात; जादा पाणी सांडव्यावरून आपोआप जावयाचें असतें. तो सांडवा बाभळींनीं भरला, गाळानें बुजला, किंवा चार बोटें पाणी अधिक सांठावें म्हणून कोणीं लोभानें त्यावर विटांचा थर चढविला, कीं पुराचें पाणी माथ्यावरून वाट काढतें. आणि माती वरून वाहत्या पाण्यापुढें टिकत नाहीं. पोटांतली गळती याहून कपटी. पायथ्याशीं थोडें पाणी पाझरणें हें प्रत्येक मातीच्या बांधांत होतच असतें, आणि तें स्वच्छ व नेहमींइतकेंच असेल तर घाबरण्याचें कारण नाहीं. पण तें पाणी एकाएकीं वाढलें, किंवा गढूळ झालें, तर समजावें कीं पाणी आतां एकटें येत नाहीं. बांधाची माती बरोबर घेऊन येत आहे. विशेषतः पाणी सोडण्याचा नळ भरावांतून जेथें जातो, तेथें ही वाट लवकर पडते. माथ्यावर लांबच लांब पडलेली भेग, एखाद्या जागीं खचलेला भराव, उतारावर वाढलेलीं मोठीं झाडें, वठलेल्या झाडाच्या कुजलेल्या मुळ्यांनीं केलेली पोकळी, प्राण्यांचीं बिळें, हीं सर्व चिन्हें डोळस मनुष्यास दिसण्यासारखीं आहेत. अडचण दिसण्याची नाहीं. दिसल्यावर तें कोणाला सांगावयाचें, आणि सांगितल्याची नोंद कोठें राहावयाची, ही आहे.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, आजवर कांहीं झालें नाहीं. तिवऱ्यासही २ जुलैच्या सायंकाळपर्यंत कांहीं झालें नव्हतें. शंभर वर्षांत एकदां येणारा पूर म्हणजे नातवंडांच्या काळांतला पूर, असें आपण समजतों. परंतु त्याचा खरा अर्थ, दरसाल शंभरांत एक, असा आहे. तीस वर्षांच्या मुदतीचें कर्ज काढून जो दुकान बांधतो, त्याच्या मुदतींत तो पूर येण्याचा संभव चारांत एकाहून किंचित् अधिक होतो. चारांतील एक कूळ नादार निघणार हें ठाऊक असतां कोणता सावकार तारणावांचून पैसा देईल?

दुसरा आक्षेप पैशाचा. सर्व तलाव नवे करण्यास पैसा नाहीं हें आम्हांसही मान्य आहे. म्हणूनच जोखमीची पायरी आधीं ठरविली पाहिजे. ज्याच्या खालीं तीन कोसांत माळच आहे, तो तलाव दहा वर्षें थांबूं शकतो. ज्याच्या खालीं शाळा आहे, तो एक पावसाळाही थांबूं शकत नाहीं. पैसा थोडा असतो तेव्हांच प्रथम कोठें खर्चावा हें ठरविण्याची गरज अधिक असते. झाडें तोडणें, सांडवा मोकळा करणें, बिळें खणून पुन्हां घट्ट भरणें, यांना लाखों रुपये लागत नाहींत. आणि ज्याची दुरुस्ती परवडत नाहीं, ज्याचा उपयोगही उरला नाहीं, तो बांध उन्हाळ्यांत, पाणी नसतां, इंजिनियराच्या देखरेखीखालीं सांडवा खोल करून मोकळा करावा. बांध आपण सोडला तर पाणी आपल्या सोईनें जाईल. त्यानें आपणांस सोडलें तर त्याच्या सोईनें.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक आहे: लोक घाबरतील, आणि खालच्या जमिनीचे भाव पडतील. घाबरलेला मनुष्य उंचावर जातो. न घाबरलेला अंथरुणांत सांपडतो. यांतलें कोणतें बरें? आणि भावाविषयीं म्हणाल, तर ज्या मालाचा दोष झांकला तरच भाव टिकतो, तो माल विकणें आमच्या पेठेच्या जुन्या अब्रूस शोभत नाहीं.

तेव्हां करावें काय? आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक तालुक्यानें आपल्या हद्दींतील एकूण एक तलावाची यादी करावी. उंची, सांठा, बांधल्याचें साल, मालक खातें, आणि जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा यांसह ती ग्रामपंचायतीच्या व नगरपरिषदेच्या फळ्यावर लावावी. दुसरें, प्रत्येक तलाव फुटला असें धरून त्याचें पाणी कोठून जाईल ती वाट नकाशावर काढावी, आणि तींत येणारीं घरें, शाळा, दवाखाना, बाजार यांची मोजणी करावी; या एकाच गोष्टीवरून त्या तलावाची पायरी ठरावी, उंचीवरून नव्हे. ती पाण्याची रेघ विजेच्या खांबांवर रंगानें दाखवावी, म्हणजे निरक्षरासही ती वाचतां येईल. तिसरें, मृगापूर्वीं एकदां व दिवाळीनंतर एकदां प्रत्येक बांध पायीं फिरून पाहावा. फिरणारांत खालच्या वस्तींतील एक पुरुष व एक स्त्री असावी. काय दिसलें, काय करणार व कोणत्या तारखेपर्यंत, हें एका कागदावर लिहून अधिकाऱ्यानें खालीं सही करावी. चौथें, इशारा कोणीं द्यावयाचा, देवळाची घंटा कोणीं वाजवावयाची, मशिदीच्या कर्ण्यावरून कोणीं सांगावयाचें, आणि लोकांनीं कोणत्या टेंकडीवर जावयाचें, हें ठरवून वर्षांतून एकदां रात्रींच्या वेळीं त्याची तालीम करावी. पांचवें, पाण्याच्या वाटेंत नव्या इमारतीस परवानगी देऊं नये, मग अर्जदार कितीही वजनदार असो. आणि शेवटचें, कायद्यांतील उंचीच्या मर्यादेखालीं असलें, तरी ज्याच्या खालीं माणसें राहतात असें प्रत्येक धरण तपासणीच्या बंधनाखालीं आणावें. केंद्र सरकारास तें जमत नसेल तर महाराष्ट्र सरकारनें आपल्या अधिकारांत तसा नियम करावा.

यांपैकीं पहिल्या चार गोष्टींना नव्या कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. नाशिक येथें धरणांच्या सुरक्षिततेचें काम पाहणारी सरकारी संघटना आहे. गांवोगांवीं निवृत्त ओव्हरसियर आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत इंजिनियरिंगचीं विद्यालयें आहेत व त्यांतील तरुणांस खरें काम हवें आहे. व्यापारी मंडळें दरसाल गणेशोत्सवाची वर्गणी जमा करितात. त्याच हातानें एका भोंग्याची व एका नकाशाची वर्गणी जमविणें त्यांस अवघड नाहीं. नगरपरिषदेच्या पुढच्या सभेंत एका सभासदानें उठून एवढेंच विचारावें: आपल्या गांवाच्या वरच्या अंगास किती तलाव आहेत, व ते शेवटीं केव्हां तपासले? उत्तर न मिळालें, तर तें न मिळणें हेंच उत्तर समजून कामास लागावें.

बांध हा निर्जीव असतो. त्याला ना लोभ, ना आळस, ना हद्दीचा अभिमान. हे दोष त्याच्या मालकांचे, आणि लोकशाहींत मालक म्हणजे अखेर आपणच. यंदा तलाव भरेल काय, हें आपल्या हातीं नाहीं; तें मेघांच्या हातीं आहे. परंतु भरलेला तलाव टिकेल काय, आणि न टिकला तर खालचीं माणसें वेळेवर वर येतील काय, या दोन प्रश्नांचीं उत्तरें मात्र सर्वस्वीं आपल्या हातचीं आहेत. पहिला मेघ दिसण्यापूर्वीं तीं शोधावीं, अशी आमची सर्व वाचकांस कळकळीची विनंती आहे.